उन्हाळ्यात पिवळी पडणारी हिरवळ: तहान कोणती, बुरशी कोणती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिम भागातील आपल्या गृहनिर्माण संस्थेत वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, सुमारे दहा हजार चौरस फुटांची हिरवळ आहे. रोपवाटिकेतून ‘सिलेक्शन वन’ या नावाने आणलेले गवत तीन वर्षे चांगले होते. यंदा मार्चअखेरीपासून त्यावर पिवळसर-तपकिरी चट्टे पडू लागले. माळीबुवांनी बुरशी समजून कार्बेन्डाझिम दोनदा फवारले, चट्टे हटेनात म्हणून युरिया टाकला, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी रोज संध्याकाळी पाईपने मारणे चालू ठेवले. चट्टे वाढतच आहेत, आणि तिसरी फवारणी कोणत्या औषधाची करावी, असे आपण विचारता.

तिसरी फवारणी करू नये, हे माझे उत्तर. पुणे परिसरातील मैदाने आणि क्लबांच्या हिरवळी सांभाळण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि एप्रिल महिन्यात ‘बुरशी लागली’ म्हणून दाखवण्यात आलेल्या हिरवळींपैकी बहुतेकांना प्रत्यक्षात पाणी पोहोचत नव्हते. खरी बुरशी आपल्याकडे येते ती उष्म्याला ओलावा मिळाल्यावर, म्हणजे वळिवाच्या सरींपासून पुढे. एप्रिलमध्ये पाण्याच्या ज्या चुका होतात त्या मात्र तिचीच वाट मोकळी करून ठेवतात. म्हणून दुष्काळाचा ताण आणि रोग हे दोन वेगळे प्रश्न न मानता एकाच प्रश्नाच्या दोन अवस्था मानून मी पुढे लिहीत आहे.

प्रथम आपले गवत कोणते आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण निम्मा घोटाळा तेथेच होतो. ‘सिलेक्शन वन’ हे आपल्या हरळीच्याच कुळातील, बारीक पानांचे गवत आहे. हरळी, आणि बाजारात ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ म्हणून मिळणारी झोयसिया, ही उष्ण प्रदेशाची गवते आहेत. पस्तीस अंश तापमान त्यांना मानवते, आणि मुळाशी ओल असेल तर नागपूरच्या पंचेचाळीस अंशांतही ती तग धरतात. याउलट संगणकावर शोधल्यास हिरवळीविषयी जो सल्ला मिळतो, त्यातील बराच भाग अमेरिका आणि युरोपातील थंड हवामानाच्या गवतांसाठी, म्हणजे फेस्क्यू, राय आणि ब्लूग्रास यांच्यासाठी लिहिलेला असतो. ती गवते उन्हाळ्यात थकतात, त्यांची मुळे आखडतात, आणि रात्रीचे तापमान वीस अंशांच्या वर राहू लागले की त्यांच्यावर ‘ब्राऊन पॅच’ नावाचा रोग येतो. म्हणून त्यांना उन्हाळ्यात नत्र देऊ नये, हे बरोबर आहे. न्यू जर्सीत घर असलेल्या मराठी माणसाने तो सल्ला जरूर पाळावा. हरळीला मात्र उन्हाळा हा वाढीचा हंगाम असतो, आणि तिला महिनोन्महिने उपाशी ठेवले तर भुकेल्या गवतावर येणारा ‘डॉलर स्पॉट’ हा रोग जूनमध्ये ठरलेला असतो. परगावच्या गवताचे पथ्य आपल्या गवताला लावल्यामुळे बिघडलेल्या हिरवळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता एप्रिलमधल्या पुण्याच्या हवेकडे पाहू. दुपारी पारा अडतीस-चाळीस अंशांवर असतो आणि हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. पानांवर रोग करणाऱ्या बहुतेक बुरशींना पान सलग दहा-बारा तास ओले राहावे लागते, त्याशिवाय बीजाणू रुजून पानात शिरत नाही. या हवेत निसर्गतः पान इतका वेळ ओले राहणे जवळजवळ अशक्य असते. ते शक्य होते एकाच मार्गाने, आणि तो म्हणजे संध्याकाळी सात वाजता पाणी मारणे. सात वाजता ओले झालेले पान सकाळी आठपर्यंत पुरते सुकत नाही. म्हणजे तेरा तास आपण स्वतःच बुरशीला देतो. आपल्या हिरवळीवर थोडीफार बुरशी असेलच, तर ती पाईपने आणलेली आहे.

आपल्या माळीबुवांच्या एका पाईपचा हिशेब आपण कधी केला आहे का? साध्या पाईपमधून मिनिटाला सुमारे वीस लिटर पाणी येते. तासभर पाणी मारले तर बाराशे लिटर झाले. दहा हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. तेव्हा तासाभराचे हे पाणी सव्वा मिलिमीटर भरते. एप्रिल-मेमध्ये या गवताची रोजची गरज मी पाच मिलिमीटर धरतो. म्हणजे माणूस मन लावून तासभर उभा राहतो, पाने चकाकतात, माती वरून काळी दिसते, पाहणाऱ्यांना समाधान वाटते, आणि गवताला गरजेच्या पाव हिश्श्याएवढेच पाणी मिळते. त्यातलेही बरेचसे पानांवर आणि बुंध्याशी साचलेल्या वाळक्या थरातच अडकते. हे असे महिनाभर चालले की मुळे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत गोळा होतात, कारण ओल तेवढ्याच थरात असते, आणि मग एक दिवस मोटार बंद पडली की हिरवळ दोन दिवसांत करपते. रोज थोडे-थोडे पाणी देण्याने पान ओले आणि मूळ कोरडे राहते, आणि रोग व दुष्काळ या दोघांनाही नेमके हेच हवे असते.

मग किती आणि केव्हा द्यावे? पुस्तकातील सल्ला आहे की खूप आणि क्वचित द्यावे. पोडियमवर तो जसाच्या तसा चालत नाही. छतावर आपल्याला मातीची खोली फार तर तीस-पंचेचाळीस सेंटिमीटर मिळते, आणि त्यातली मुळांच्या उपयोगाची साधारण वरची वीस. लाल माती, पोयटा आणि वाळू यांच्या मिश्रणात गवताला उचलता येईल असे पाणी मीटरभर खोलीला सुमारे १२० मिलिमीटर मावते. म्हणजे वीस सेंटिमीटरमध्ये २४. त्यातले निम्मे संपेपर्यंत गवताला त्रास होत नाही, त्यापुढे होतो. म्हणून आपले खाते बारा मिलिमीटरचे आहे, आणि रोजचा खर्च पाच. दर दोन ते अडीच दिवसांनी ते भरले पाहिजे. एकाच वेळी चाळीस मिलिमीटर दिले तर उरलेले अठ्ठावीस खालच्या निचऱ्याच्या नळीतून वाहून जातील. खोल काळ्या जमिनीत हाच हिशेब चार-पाच दिवसांवर जातो, मात्र तेथे पाणी हळू जिरत असल्याने दोन हप्त्यांत, मध्ये तासाभराची विश्रांती घेऊन द्यावे लागते. आपल्याला एका खेपेला बारा मिलिमीटर द्यायचे तर सुमारे अकरा हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचा एक मोठा टँकर आणि वर थोडे. हे पाणी एका पाईपने मारायला नऊ तासांहून अधिक लागतील, आणि तसे कोणी मारत नाही. म्हणून स्प्रिंकलर बसवल्यावाचून या हिरवळीचा प्रश्न सुटणार नाही, असे मी स्पष्टच सांगतो.

स्प्रिंकलर बसवले म्हणजे काम झाले, असेही नाही. उभ्या कडांचे पंधरा-वीस सारखे स्टीलचे डबे घरोघरीहून मागवून हिरवळीवर ठिकठिकाणी ठेवावेत, पंधरा मिनिटे पाणी सोडावे, आणि प्रत्येक डब्यातील पाणी पट्टीने मोजावे. एका डब्यात दहा मिलिमीटर आणि दुसऱ्यात तीन, असे निघाले तर नकाशा काढून ठेवा. बहुधा चट्ट्यांचा नकाशा आणि या डब्यांचा नकाशा एकच निघतो. ही तपासणी करायला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या पाहण्यात तिने जितके ‘रोग’ बरे केले आहेत तितके कोणत्याही औषधाने केलेले नाहीत.

पाणी पहाटे चार ते साडेसहाच्या दरम्यान द्यावे. त्या वेळी वारा नसतो, दाब चांगला असतो, आणि पान ओले झाले तरी आठ-नऊला ऊन लागून सुकते. आपण प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता, त्यामुळे मुले खेळत असतात त्या संध्याकाळच्या वेळी त्याचे तुषार उडू नयेत, हेही एक कारण आहेच.

या पाण्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ते वापरणे योग्यच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे एप्रिलअखेरनंतरचे आयपीएलचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले, तेव्हा मैदानांवर प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी क्रिकेट संघटनांनी न्यायालयात दाखवली होती. त्यानंतर पिण्याचे पाणी गवतावर ओतण्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु या पाण्यात क्षार असतात, आणि पाऊस नसलेल्या आठ महिन्यांत ते मातीत साचत जातात. आपल्या इमारतीत जलशुद्धीकरण यंत्रे दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजण्याचे पेनाएवढे यंत्र असते. त्याला एक पेला पाणी तपासून द्यायला सांगा. आकडा साडेचारशेच्या आत असेल तर चिंता नाही. त्यापुढे दोन हजारांपर्यंत जपून वापरावे. दोन हजारांवर असेल तर ते पाणी टँकरच्या किंवा महापालिकेच्या पाण्यात मिसळल्याशिवाय देऊ नये. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, म्हणून ती एकाएकी मरत नाही; पानांची टोके जळतात, वाढ खुंटते, मातीच्या कडेला पांढरी पापडी धरते, आणि मातीत ओल असूनही गवत तहानलेले दिसते, कारण खारट मातीतून पाणी ओढून घ्यायला मुळांना जोर लागतो. महिन्यातून एकदा एक जादा पाणी, नेहमीच्या दीडपट, देऊन क्षार खाली धुवून काढावेत, पण निचरा चालू आहे याची आधी खात्री करून. या पाण्यात नत्रही असते, हे खताचा हिशेब करताना लक्षात ठेवा.

आता रोग खरोखर आहे की नाही, ते कसे ओळखावे. सकाळी सातच्या आत हिरवळीवर जा. दहा वाजता गेल्यास कोणाचेच खरे रूप दिसत नाही. तहानलेले गवत प्रथम निळसर-करडे पडते आणि त्यावर पाऊल टाकले तर दबलेले पान परत उभे राहत नाही, पाऊलखूण तशीच राहते. पिवळेपणा त्यानंतर येतो. चट्ट्यांना ठरावीक आकार नसतो. ते भिंतीच्या कडेने, पश्चिमेच्या उन्हात, काचेच्या तावदानांचे परावर्तित ऊन पडते तेथे, किंवा खाली तुळई असल्यामुळे मातीची खोली कमी असते तेथे पडतात. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हिरव्या भागात आणि चट्ट्यात टोचून पाहा. हिरव्या भागात तो पंधरा सेंटिमीटर सहज जातो आणि चट्ट्यात चार सेंटिमीटरवर अडतो, असे आढळले तर औषधाच्या दुकानाकडे जाण्याचे कारण नाही. पहार वापरू नका. छतावरच्या जलरोधक थराला भोक पडले तर खालच्या गाड्यांचे मालक आपल्याला भेटायला येतील.

स्क्रू-ड्रायव्हर जातो, पण माती आतून भुकटीसारखी कोरडी आहे, असाही एक प्रकार असतो. वाळक्या अवशेषांवर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशींमुळे मातीच्या कणांवर मेणासारखा लेप बसतो आणि ती पाणी शोषेनाशी होते. मातीचा गोळा काढून त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. पाच सेकंदांनंतरही थेंब मण्यासारखा उभा राहिला तर हाच दोष. येथे कितीही पाणी ओतले तरी ते बाजूने निघून जाते. अशा जागी सात-आठ सेंटिमीटर खोल काट्याने भोके पाडून, पाणी मुरवणारे द्रव्य, ज्याला दुकानात ‘वेटिंग एजंट’ म्हणतात, ते पाण्यातून द्यावे आणि पुढचे तीन-चार दिवस तेवढ्याच जागेला हाताने थोडे-थोडे पाणी द्यावे. पाईप हातात घ्यायचा तो अशा कामासाठी.

खऱ्या रोगाची खूण पानावर असते. चट्ट्याच्या मधले मेलेले गवत तपासून उपयोग नाही. चट्ट्याच्या कडेचे, अर्धे हिरवे असलेले पान घ्या आणि भिंगाखाली धरा. पानाच्या मध्यावर फिकट, वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचा, दोन्ही बाजूंनी आत दबलेला डमरूसारखा ठिपका आणि त्याला तांबूस-तपकिरी कड असेल, तर तो डॉलर स्पॉट. नावामुळे लोक नाण्याएवढे चट्टे शोधत बसतात; गोल्फच्या अगदी खुरट्या कापलेल्या गवतावर ते तसे दिसतात, पण आपल्यासारख्या उंच ठेवलेल्या हिरवळीवर ते वितभर रुंद होतात आणि एकमेकांत मिसळतात. या रोगाच्या बुरशीला जुन्या पुस्तकांत स्क्लेरोटिनिया म्हटलेले असते. २०१८ पासून तिचे नाव क्लॅरिरीडिया झाले आहे. पानावर बारीक, गडद तपकिरी किंवा जांभळट ठिपके असतील आणि गवत विरळ होत बुंध्यापर्यंत कुजत असेल तर तो पानांवरचा करपा. बायपोलॅरिस आणि कर्व्ह्युलेरिया या बुरशी तो करतात, आणि त्यातली कर्व्ह्युलेरिया तर उष्म्याने आधीच पिचलेल्या गवतावरच बहुधा हात टाकते. गवत एका रात्रीत तेलकट, काळपट होऊन लोळले असेल, पहाटे त्यावर कापसासारखे तंतू दिसत असतील, आणि चट्टे पाणी वाहण्याच्या दिशेने लांबत गेले असतील, तर तो पिथियम. तो मात्र आणीबाणीचा रोग आहे. दिवसा तीस अंशांच्या वर, रात्री वीसच्या खाली नाही, आणि चौदा तास हवा ओलीचिंब, अशी त्याची मागणी असते. पुण्यात ती जूनमध्ये केव्हातरी पुरी होते. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर अशा रात्री मेमध्येच येतात, म्हणून तेथील मंडळींनी माझे एप्रिलबद्दलचे निश्चिंत बोलणे आपल्यासाठी धरू नये. (दवात भिजलेले कोळ्याचे जाळे पाहून पिथियम समजणारे पुष्कळ भेटतात. जाळे सपाट आणि ताणलेले असते. बुरशी फुगीर आणि पिंजलेल्या कापसासारखी असते.)

शंका राहिलीच, तर चट्ट्याच्या कडेचा तळहाताएवढा तुकडा मातीसकट काढून, ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर घरात ठेवावा. सकाळी तंतू उगवले नाहीत तर पानावरचा सक्रिय रोग बहुतेक नाही. उगवले तर तो तुकडा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवावा, कारण मेलेल्या गवतावर निरुपद्रवी बुरशीही उगवतात आणि त्या ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो.

काही चट्टे यांपैकी कशातच बसत नाहीत. कुत्र्याच्या लघवीचा चट्टा मधे जळलेला आणि भोवती गडद हिरवी कड असलेला असतो. चार दिवस मांडवाचे गालिचे पसरलेले होते तेथे गवत गालिच्याच्या आकारात पिवळे पडते. वाळवी दिसली की लोक घाबरतात; ती बहुतेक वेळा मेलेलेच गवत खात असते, मारलेले नसते. हुमणीचा संशय एप्रिलमध्ये घेऊ नये: तिचे भुंगेरे पहिल्या वळिवानंतर संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, आणि मुळे खाणाऱ्या अळ्यांचा खरा जोर जुलैपासून पुढे असतो. सप्टेंबरमध्ये गवत गालिच्यासारखे हातात उचलून आले, तर मात्र प्रथम तिलाच शोधा.

आता कार्बेन्डाझिमबद्दल. आपल्याकडे बुरशीनाशक म्हटले की हेच नाव तोंडी येते. डॉलर स्पॉटवर ते चालते. पण पिथियम ही खरी बुरशीच नव्हे, त्यामुळे त्यावर ते मुळीच चालत नाही, आणि बायपोलॅरिसच्या करप्यावरही नाही. उलट या गटाच्या औषधांनी करप्याचे स्पर्धक असलेले जीव मरतात आणि करपा वाढू शकतो. हे मी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे: नोकरीच्या सुरुवातीला एका क्लबच्या हिरवळीवर पावसाळ्याच्या तोंडाशी ठिपके पाहून, पान भिंगाखाली न धरताच, मी दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात जो भाग विरळ होता तो उघडा झाला. वरिष्ठांनी माझ्या हाती भिंग दिले, दुसरे काही बोलले नाहीत.

फवारणी करावीच लागली तर ती रोगाचे नाव निश्चित झाल्यावर करावी. डॉलर स्पॉटसाठी प्रोपिकोनाझोलच्या गटातील औषध, करप्यासाठी मॅन्कोझेब किंवा ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पिथियमसाठी मेटॅलॅक्सिल असलेले औषध, अशी ढोबळ विभागणी आहे. एकाच गटाचे औषध लागोपाठ वापरल्यास बुरशी त्याला सरावते, म्हणून गट बदलावा. प्रोपिकोनाझोलचा गट कडक उन्हात हरळीची वाढ रोखतो, हेही ध्यानात असू द्या. आपल्याकडील बहुतेक डब्यांवरच्या पत्रकात पिकांची नावे असतात, हिरवळीचा उल्लेख क्वचितच असतो. म्हणून मात्रा मी येथे लिहीत नाही, ती कृषी अधिकाऱ्याशी बोलून ठरवावी, आणि लहान मुले अनवाणी खेळतात अशा जागी फवारणीनंतर हिरवळ दोरी लावून बंद ठेवावी.

युरियाविषयी आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. कोरड्या मातीवर, चाळीस अंशांत पडलेला युरिया आधी गवताला जाळतो. वाचलेल्या गवताला तो पाने फोडायला लावतो, आणि त्या पानांना पुरवायला मुळांजवळ पाणी नसते. आता जे झाले ते पाण्याने खाली धुवून टाका आणि गवत सावरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, काही देऊ नका. हिरवा रंग परतल्यावर, वाफसा असताना, चौरस मीटरला पाच ग्रॅमच्या वर नाही इतका युरिया, आणि त्यासोबत तितकेच सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे व लगेच पाणी सोडावे. मृगापूर्वी गवत उपाशी नसले पाहिजे आणि मातलेलेही नसले पाहिजे. डॉलर स्पॉट उपाशी गवतावर येतो, पिथियम मातलेल्यावर. शेणखत टाकायचा विचार असेल तर ते पुरते कुजलेलेच असावे, कारण कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी आपण विकत आणतो, आणि बाहेरच्या मातीतून आलेला लव्हाळा एकदा शिरला की तो आपल्यापेक्षा जास्त वर्षे संस्थेत राहतो.

कापणीत दोन बदल करा. एप्रिल-मेमध्ये गवत चार सेंटिमीटरपर्यंत राहू द्या, म्हणजे मातीवर सावली पडते आणि मुळे खोल राहतात. आणि एका कापणीत उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नका. दुसरे, नायलॉनच्या दोरीचे ब्रश कटर कडेच्या कामापुरतेच ठेवा. ते पान कापत नाही, फाडते. फाटलेल्या टोकातून पाणी जास्त उडते, बुरशीला दारही मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरवळीवर जी पांढुरकी झाक दिसते ती त्या फाटलेल्या टोकांचीच असते. धार लावलेले यंत्र वापरा, आणि गवत ओले असताना ते चालवू नका. रोग असेल तर चाकांबरोबर तो सगळीकडे फिरतो.

कधी पाणीकपात इतकी होते की दर अडीच दिवसांनी बारा मिलिमीटर देणे शक्यच नसते. अशा वेळी सगळीकडे थोडे-थोडे शिंपडत बसू नये. मुलांची खेळण्याची जागा, प्रवेशाजवळचा भाग, असा एक-तृतीयांश निवडावा आणि तो नीट जगवावा. उरलेल्या भागाला झोपू द्यावे. हरळी मातीखालच्या खोडांच्या बळावर झोपते आणि पाऊस पडताच उठते. खोल जमिनीत तिला दोन-तीन आठवड्यांतून एकदा बारा मिलिमीटर पाणी मिळाले तरी खोडे जिवंत राहतात. पोडियमवर, खालचा स्लॅब आणि वरचे ऊन यांच्यामध्ये माती तापते म्हणून, मी आठवड्यातून एकदा देतो. झोपलेल्या भागावर खत नको, फवारणी नको, कापणी नको, आणि कोणाच्या साखरपुड्याचा मांडवही नको. तो भाग जिवंत आहे का, हे पाहायचे तर एक खोड उकरून नखाने खरवडावे. आत पांढरे आणि कडक असेल तर जिवंत, तपकिरी आणि ठिसूळ असेल तर गेले. सभेत सदस्य तपकिरी रंगाबद्दल तक्रार करतील, तेव्हा हे खोड खिशातून काढून दाखवावे, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गवत सावरले असेल तर, आणि तरच, पोकळ काट्याच्या यंत्राने सात-आठ सेंटिमीटरची भोके पाडून त्यांत धुतलेली वाळू भरावी. नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, बहुधा क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळूच, वापरावी लागते. पण तिच्यातली दगडाची भुकटी चाळून आणि धुवून काढल्याशिवाय ती टाकू नये, नाहीतर पहिल्या पावसात तिचा सिमेंटसारखा थर बसतो आणि आपण ज्यासाठी भोके पाडली तोच उद्देश बुडतो. गवत अजून तहानलेले असेल तर हे काम जुलैच्या उघडिपीपर्यंत पुढे ढकला. याच सुमारास निचऱ्याच्या जाळ्या आणि नळ्या साफ करून घ्या. पोडियमवरच्या जूनमधल्या रोगांचे मूळ मला अनेकदा हिरवळीवर नव्हे, तर पालापाचोळ्याने बंद झालेल्या जाळीत सापडले आहे.

वळीव पडला की त्याच दिवशी स्प्रिंकलरचे वेळापत्रक बंद करा. वीस मिलिमीटर पाऊस झाल्यावरही दुसऱ्या पहाटे ठरल्या वेळी स्प्रिंकलर उडताना मी दरवर्षी पाहतो, आणि बुरशीला याहून मोठे आमंत्रण नाही. पावसाच्या उघडिपीत सकाळी पानांवर दव किंवा पाणी साठले असेल तर दोन माणसांनी लांब दोरी हिरवळीवरून ओढत न्यावी, म्हणजे पाने तासाभरात सुकतात. क्रिकेटच्या मैदानावर हे नेहमी करतात, सोसायटीत कोणी करत नाही, आणि डॉलर स्पॉटवर हा उपाय औषधाच्या खालोखाल आहे. जूनमध्ये पानांवर राखाडी किंवा जांभळट पीठ चोपडल्यासारखे दिसले तर ते बहुधा श्लेष्मबुरशीचे असते. ती गवत खात नाही, पाण्याच्या फवाऱ्याने किंवा झाडूने निघून जाते.

आपण आता लगेच करायचे ते एवढे: उद्या सकाळी सातला स्क्रू-ड्रायव्हर, भिंग आणि टीडीएसचा आकडा, परवा डब्यांची तपासणी. ते आकडे आणि चट्ट्याच्या कडेच्या पानांची जवळून काढलेली दोन छायाचित्रे मला पाठवा. पानावर ठिपका दिसला तर औषधाचे पुढे पाहू.